बाहीच्या मापाचं गाणं

तळघरातल्या त्या कारखान्यात शाळेचे सदरे शिवले जात आणि बाह्या जोडायचं काम तिच्याकडे असे. म्हणून तिला सगळे बाहीवाली म्हणत. शेजारच्या मशीनवर तिची वहिनी कॉलर शिवायची. या नणंद-भावजयींनी मिळून रॅप करायचं मनावर घेतलं, तेव्हा आई म्हणाली, आजवर एकीचं तोंड आवरत नव्हतं, आता दोघींचं.

सुरुवातीला मोबाइलवर तयार ठेका लावून त्या दुसऱ्यांचीच ऐट मिरवत. गाण्यात मोटारी, बंदुका, सोन्याच्या साखळ्या. एक दिवस वहिनी गाता गाता हसतच खाली बसली. म्हणाली, "वन्सं, आपली सायकलसुद्धा पंक्चर आहे हो."

मग मोटारी गेल्या आणि मुकादम आला. त्याच्यावर अशा ओळी रचल्या की डबा खाणाऱ्या बायकांना ठसका लागला. पण नुसत्या शिव्या किती दिवस पुरणार?

खरं गाणं सापडलं ते बाही जोडताना. सरळ शिवणीवर मशीन धावतं, काखेच्या वळणाला दबकत जातं, धागा कापताना गप्प होतं. तिनं शब्दही तसेच बसवले. आधी धावत्या ओळी, मग जड पावलांच्या, मग कात्रीपुरती शांतता. त्या शांततेतून वहिनीचा आवाज उठायचा आणि दुसरी बाही सुरू व्हायची. आमच्या डोक्यावरून चालणाऱ्यांनो, पाय जरा जपून टाका, असं ते गाणं सांगायचं. बघता बघता वीस मशिनं त्या गाण्यावर चालू लागली.

मग शहरात रॅपचा मोठा जलसा ठरला. त्यासाठी दोघींनी स्टुडिओत जाऊन गाणं रेकॉर्ड केलं. ध्वनिवाल्याला वाटलं, बाया मध्येच विसरतात. त्यानं सगळ्या शांतता कापल्या आणि खाली एकसारखा ठेका घातला. जलसेवाल्याला नेमकं तेच आवडलं. असंच गाणार असाल तर या, असा त्याचा निरोप आला.

कारखान्यात ते गाणं लावलं, तर तिसरीच बाही उलटी जोडली गेली. बायका म्हणाल्या, ऐकायला छान आहे, पण यावर हात चालत नाही.

वहिनी मात्र डळमळली. इतक्या वर्षांनी कुणी वर बोलावतंय, तर एवढं सोसावं, असं तिचं म्हणणं. बाहीवाली एवढंच म्हणाली, "वहिनी, तोंड शिवलेल्या बाहीत हात जात नाही."

जलशाच्या दिवशी भर उन्हात दोघी मंचावर उभ्या राहिल्या. स्टुडिओतल्याच ध्वनिवाल्यानं ठेका सुरू केला. बाहीवालीनं हात वर करून तो बंद करायला लावला. दोघींनी टाचांनी फळीवर ताल धरला. पहिली बाही धावली, वळली, थांबली.

"विसरली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. वहिनीनं घाईनं तोंड उघडलं, तसं बाहीवालीनं तिचं मनगट धरलं. धागा कापायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरा जाऊ दिला. मगच वहिनीचा आवाज उठला. चौथ्या बाहीच्या शांततेत गर्दीही गप्प होती. सगळी नाही. काही जण निघून गेले होते.

खाली उतरल्यावर जलसेवाला म्हणाला, पुन्हा बोलावणार नाही.

"नका बोलावू," बाहीवाली म्हणाली. "पण ते कापलेलं गाणं आमचं नाही. आत्ता पुसा."

तो नंतर बघू म्हणाला. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. ध्वनिवाल्यानं गाणं पुसून दाखवलं, तेव्हाच ती उठली.