सिस्टरबाईंच्या आजोबांचा दगड

छावणीतल्या फौजी कब्रस्तानात फोटो काढायचा तर थंडीत, अन् सकाळी ऊन कोवळं असतानाच. उजेड भिंतीवरून तिरका येतो, दगडाला बाजूनं घासून जातो, आणि दुपारी जी अक्षरं दिसतबी नाहीत ती उठून उभी राहतात. दहा मिनिटं. मग ऊन वर चढलं की दगड सपाट. हे मला कुणी शिकवलं नाय. चौथीत शाळा सुटली, पण उजेडाचं मला कळतं. उभा जन्म फोटोचं दुकान चालवलं आणि खराब फोटो एकबी दुकानाबाहेर जाऊ दिला नाय.

काम सिस्टरबाईंचं होतं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्या बायकोचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. त्यांचे आजोबा फौजेच्या बँडात बिगुल वाजवायचे, ते त्याच कब्रस्तानात पुरलेले. आजोबांचं मूळ गाव त्या दगडावर कोरलंय, असं त्यांची आई सांगायची. घरात ते गाव आता कुणालाच ठाऊक नव्हतं, चर्चच्या वहीतलं पान वाळवीनं खाल्लेलं. बाई कायमच्या मुलाकडं नागपूरला चालल्या होत्या. गुडघे गेलेले, तिथवर जाणं होत नव्हतं. मला म्हणाल्या, "भाऊ, जसा असेल तसा काढा. मला फक्त वाचायचंय."

मी म्हणालो, जसा असेल तसा फोटो माझ्या हातून निघत नाय.

दगड सापडायला वेळ लागला नाय. चिंचेपासून तिसरी रांग, वर बिगुल कोरलेला. पांढरा संगमरवर, पण शेवाळ चढून काळे ओघळ आलेले. ऊन आलं तशी अक्षरं उभी राहिली, इंग्रजी, पाच ओळी. मी सात-आठ फोटो काढले. कॅमेऱ्यात मागं जाऊन पाहिले तर दगड देवी येऊन गेलेल्या तोंडासारखा डागाडागाचा. असला फोटो बाईंच्या हातात द्यायचा? तिथंच उभ्या उभ्या सगळे पुसून टाकले.

राखणदाराच्या लग्नाचे फोटो मीच काढलेले, तो मला चाचा म्हणतो. दगड साफ करू म्हणालो तर तो म्हणाला, "पानी से पोंछो चाचा, बस. पुराना पत्थर है." मी त्याला गप्प केलं. तू पैदा व्हायच्या आधीपासून मी फोटो काढतोय, म्हणालो.

दुपारी न्हाणीघराची फरशी धुवायचं ॲसिड नेलं. ओतलं तसा फेस आला, धूर नाकात गेला. मला वाटलं, घाण जळतीय. आणखी ओतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, दोन बादल्या पाणी मारलं. दगड असा निघाला, की राखणदारबी म्हणाला, चाचा, ये तो नया हो गया. मी खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सहालाच जाऊन तिपाई लावून बसलो. ऊन भिंतीवरून उतरलं, चिंचेवर आलं, दगडावर आलं. मी वाट बघत राहिलो. अक्षरं उठली नाहीत. वर बिगुलाचा नुसता फुगवटा, खाली खडबडीत पांढरं. गुडघ्यावर बसून बोटं फिरवली. कुठं कुठं खळगा लागत होता, अक्षर लागत नव्हतं. त्या सकाळसारखा उजेड मला वर्षातून एखाद्या वेळीच मिळाला असेल, आणि त्याच्यासमोर धरायला काही राहिलं नव्हतं.

पुसलेले फोटो परत निघतात असं ऐकून कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन संगणकवाल्याकडं गेलो. पण मधल्या संध्याकाळी मी त्याच कार्डावर एक बारसं उरकलं होतं, जुन्या फोटोंवर नवे चढलेले. त्यानं बारशाचे सगळे काढून दिले, पुसलेलेसुद्धा. दगडाचा एकबी नाय.

दोन दिवस घरात बसलो. तोंड लपवायचा विचार आला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी गेलो. बाईंचं सामान बांधून झालेलं, खोक्यावर बसूनच मी सगळं सांगितलं, ॲसिडचं, पुसलेल्या फोटोंचं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्या दिवशी अक्षरं दिसली होती ना?" त्या म्हणाल्या. "मग वाचलं असेल तुम्ही."

माझ्या दुकानाची पाटी इंग्रजीत होती. गिऱ्हाईक समजायचं याला येतं, मीबी समजू दिलं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मला इंग्रजी वाचता येत नाय, सिस्टर."

 मग त्यांनी विचारलं, ओळी किती होत्या. मी म्हणालो, पाच. शेवटची कशी होती? आखूड, एकाच शब्दाची.

"गाव शेवटीच असणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. पर्समधून पेन काढलं, कुठल्यातरी बिलाची मागची बाजू माझ्यापुढं ठेवली. "वाचू नका. पहिलं अक्षर नुसतं काढून दाखवा. गोल होतं, काठी होती, कसं होतं ते."

मी पेन टेकवलं. सावली कुठून पडली होती ते मला आठवत होतं. उजेड कुठल्या कडेला लागला होता तेबी आठवत होतं. अक्षर आठवत नव्हतं. ते मी बघितलंच नव्हतं. कागदावर एक ठिपका उमटला, तो शाईनं मोठा होत गेला, आणि मी हात हलवला नाय. शेवटी त्यांनीच माझ्या हाताखालून कागद हळू काढून घेतला.