खालची बाजू

जिन्यावरून वॉशिंग मशीन चढवायला दोन माणसं लागतात. वरचा वाट दाखवतो आणि तोल धरतो, खालचा वजन घेतो. दुकानाची मशीनं घरपोच करताना दाजी वीस वर्षं खालच्या बाजूला. तसे ते फक्त आपल्या मेहुण्याचे दाजी. पण मेहुणाच जोडीला असल्याने अख्खं दुकान त्यांना दाजी म्हणायचं, मालकसुद्धा.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मालकांनी स्पष्टच सांगितलं, "सहा महिने घ्या. मग खालून मशीन तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवा. नाही जमलं तर काउंटरवर बसा, पगार तोच." त्यातलं 'पगार तोच' दाजींना जास्त झोंबलं. दिवसभर बसून पावत्या फाडायच्या, तर पाय हवेत कशाला?

त्यांनी जिम गाठली. लेग प्रेसवर पाठ टेकून वजनं लावलेली पाटी पायांनी ढकलायची. चाळीस किलोपासून सुरुवात झाली, चार महिन्यांत एकशे साठ! रोज रात्री जेवताना बायकोला आकडा ऐकवायचे.

"मग बाजारात मलाच उचलून न्या," ती म्हणायची.

पाचव्या महिन्यात दाजींनी मोठ्या ऐटीत मेहुण्याबरोबर तालीम केली. पहिल्याच वळणावर सगळा भार उजव्या पायावर आला, गुडघा आत वळला आणि मशीन भिंतीवर आपटलं. मेहुण्याने कसंबसं सावरलं. दाजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"एकशे साठ ढकलतो मी!" ते जिममधल्या ट्रेनर मॅडमवर जवळजवळ ओरडलेच.

"काका, ती पाटी रुळावरून जाते. तोल तीच धरते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मांडीत ताकद आली ती तिच्यामुळेच, तिला नावं ठेवू नका. पण जिन्याला रूळ नसतात."

त्यांनी दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल दिले आणि एका पायाने लाकडी खोक्यावर चढायला लावलं. दाजी दारुड्यासारखे झुलले. शेजारी एक कॉलेजची मुलगी तिप्पट वजन घेऊन आरामात चढत होती. लाज वाटली, फार वाटली. दुसऱ्या दिवशी दाजी अर्धा तास आधी हजर झाले. पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. मग खांद्यावर बार घेऊन बैठका. घरी आकडा सांगणं मात्र बंद.

परीक्षेच्या दिवशी मालक तिसऱ्या मजल्यावर उभे होते. दाजींनी खालून पट्टा आवळला. पहिलं वळण गेलं, दुसरंही गेलं. मशीन वर टेकलं तसे मालक हसले, "झालं! उद्यापासून या."

दाजी मात्र मेहुण्याकडे बघत होते. त्याच्या तळहातांवर पट्ट्याचे लालभडक वळ उठले होते. नुसता तोल धरणाऱ्या वरच्या माणसाचे तळहात असे होत नाहीत.

"ओढत होतास ना?"

"दाजी, थोडंसंच. दुसऱ्या वळणावर. मला बघवेना..."

"खाली घे."

"अहो, मालक हो म्हणालेत!"

"मी अजून हो म्हटलेलं नाही. खाली घे, आणि आता नुसता तोल धर."

मशीन तीन मजले खाली गेलं. दाजी पाणी प्यायले, त्यांनी पुन्हा पट्टा आवळला. या वेळी दुसऱ्या वळणावर ते थांबले, उजवा पाय रोवला, मेहुण्याच्या सैल हातांकडे एकदा पाहिलं आणि चढले.

वर पोचल्यावर त्यांचे पाय लटलटत होते. दोन्ही. अगदी सारखे.