जिनातला जिन

आमच्या आत्याने भुताचा कारखाना पूर्ण शुद्धीत विकत घेतला. मी तेव्हा शुद्धीत होतो की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

साठ-एकसष्टचा उन्हाळा असेल. दारव्ह्याबाहेर एक जिन बंद पडला होता. (आमच्याकडे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला जिन म्हणतात. रहीमचाचा मिस्त्री मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या, माणसाला झपाटणाऱ्या प्रकारालाही जिन म्हणत. घोटाळा इथूनच!) तिथलं चाक आपोआप फिरतं म्हणून मजूर पळाले होते.

आत्या गाद्या भरून विकायची. बारा वर्षांची शिल्लक तिनं या जिनावर लावायचं ठरवलं.

"लोकं भेतात ना, मंग भाव पडते. भाव पडला का आपण उभं राहाचं," ती म्हणाली. "पण आधी आपल्या डोयानं पाहाचं. ऐकलेल्या गोष्टीवर पैसा नाही लावाचा."

"पण आत्या, मी कशाला?"

"घरात कॉलेजात गेलेला तूच एकटा. यंत्रावरचं इंग्रजी वाचून दे."

भर दुपारी आम्ही आत शिरलो. यंत्र तपासायला सोबत आणलेले रहीमचाचा दारापर्यंतच आले. "तुम देख लो, बाई. मी इथूनच यंत्राची तब्येत ओळखतो!"

आत अंधार होता. आढ्याला पांढरी रुई केसांसारखी लोंबत होती. जमिनीवर रुईचा इतका थर, की आपलीच पावलं ऐकू येत नव्हती. आत्या कंदील माझ्या हाती देऊन यंत्राखाली शिरली. मी पत्र्यावरची अक्षरं लावू लागलो. तेवढ्यात मागे... कर्रर्र.

चाक अर्धं फिरून थांबलं.

"आत्या, चाक तू फिरवलं?"

मग यंत्राखालून एक पांढरं, केसाळ, बिनतोंडाचं काहीतरी वर आलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालं, "पोरा..."

पुढचं ऐकायला मी तिथे नव्हतो!

फाटकाशी जिनाचे मालक उभे होते. सोबत आर्णीचे एक शेठ. तेही गिऱ्हाईकच, आणि आत्यापेक्षा जास्त भाव देणारे.

"जिन... जिन!" मी ओरडलो.

"हो बाबू, जिनच घ्यायले आलो," शेठ म्हणाले.

"तो मला घ्यायला आला होता!"

शेठनी आत डोकावलं. दारात ते पांढरं उभं. शेठ टांग्यात कधी चढले, ते घोड्यालाही कळलं नाही. घाबरलेल्या मालकांनी तिथल्या तिथे भाव निम्मा केला.

त्या पांढऱ्या आकृतीनं पदरानं तोंडावरची रुई पुसली. "काहून पळाला रे? मी तर कंदील मागून राह्यली होती. आन् चाक कायले फिरवलं?"

"मी? मला वाटलं तू."

आम्ही दोघांनी रहीमचाचांकडे पाहिलं. ते बाहेरच, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. आतून पुन्हा आवाज आला. कर्रर्र.

आत्यानं पदर खोचला. "म्हंजे जंग नाही लागला," ती म्हणाली, आणि बयाना दिला.

तो जिन उत्तम चालला. चाकाचं कारण कुणालाच सापडलं नाही. आत्यानं शोधलंही नाही. पहिला हंगाम संपल्यावर तिनं मला बोलावलं.

"तू पळाला म्हणून भाव पडला. दोन आणे हिस्सा तुहा. कागद आत यंत्रावर ठेवला हाये. एकटा जाऊन सही करून ये."

मी आजही तिचा बिनहिश्शाचा भाचा आहे.