दोन ताटांतले काटे

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. तोवर दर्या, वारा, मासे आणि सरकारी माणसं असं सगळं पाहून झालं होतं. पण माझ्या साडूसारखा विक्षिप्त माणूस मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत दुसरा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयानं माझ्याहून लहान, पण थोरलीचा नवरा म्हणून सासुरवाडीत पहिला पाट त्याला. आम्ही दोघंही कोळ्याचीच पोरं. मी तिसरीत शाळा सोडून बापाच्या होडीवर गेलो आणि पुढं स्वतःच्या बोटीचा तांडेल झालो. तो शिकत राहिला, शिकतच राहिला, आणि सर्जन झाल्यावरच थांबला. बोर्ली पंचतनला त्यानं दवाखाना काढला, आणि तेव्हापासून थळला आमच्या घरात काहीही अडलं की बायको म्हणते, भावजींना इचारा. बोटीचं इंजिन बिघडलं तरी भावजींना इचारा. ज्या माणसाला दिघीच्या फेरीबोटीत पाय ठेवताच ओकारी येते, आणि म्हणून जो आमच्याकडं यायला म्हसळ्यावरून अख्खा डोंगर वळसा घालून एसटीनं येतो, त्याला इंजिनाचं काय विचारायचं? कोळ्याच्या पोटी येऊन ज्याला दर्या सोसत नाही तो कसला कोळी, असं मी कितीदा म्हणालो. ऐकतो कोण? उलट सासूबाई म्हणायच्या, नाजूक प्रकृतीचा हाय गं माझा जावई.

त्याची पहिली खोड म्हणजे तो माणसाच्या तोंडाकडं बघतच नाही. नखांकडं बघतो, मानेकडं बघतो, चालताना पाऊल कसं पडतं ते बघतो. माझ्या पुतण्याच्या हळदीला सगळं आवार नाचत होतं आणि हा बेंजोवाल्याच्या घोट्याकडं टक लावून बसला होता. शेवटी उठला, भर गाण्यात त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि घोट्यात अंगठा दाबला. दाबला तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. मग यानं बेंजो थांबवला, त्या माणसाला कोपऱ्यात नेऊन तासभर काय काय विचारलं, आणि उद्याच्या उद्या लघवी तपासून घ्यायची असं बजावून सोडला. नाचणारे तसेच हात वर करून उभे. माझा भाऊ नवऱ्या मुलाचा बाप, तो तर लाल झाला होता. नंतर कळलं की त्या बेंजोवाल्याची किडनी बिघडत चालली होती आणि वेळेवर औषध लागलं. बरा झाल्यावर तो माणूस पापलेटं घेऊन आमच्या दारात आला. मला वाटलं माझ्यासाठी. तर म्हणाला, डाक्टरसाहेबांना पोचती करा. पापलेटं माझ्याच बोटीवरची होती; त्यानं सकाळी बंदरावर विकत घेतली होती.

दुसरी खोड याहून वाईट. त्याला रोग कळला नाही की तो खूष होतो. बाकीचे डॉक्टर कळलं नाही तर इंजेक्शन तरी देतात. हा खुर्चीत मागं टेकतो, पोराला खाऊ मिळाल्यासारखा चेहरा करतो आणि सांगतो, "मला कळलं न्हाय. उद्या परत या, तोवर मी इचार करतो." आता तांडेलानं खलाशांना सांगावं की किनारा कुठं आहे ते कळलं नाही, उद्या विचारा; पाण्यात ढकलतील त्याला. पण याला लोक देवमाणूस म्हणायचे, कारण हा खोटं बोलत नाही. अडाणी म्हणून मला जन्मभर नावं ठेवली, आणि हा माहीत नाही म्हणाला की त्याच्या पाया पडायचे. सासुरवाडीला तो आला की मासळी तोच चिरायचा. एकेक मासा असा सावकाश उघडायचा, काळीज बाजूला, पिशवी बाजूला, पोरांना गोळा करून दाखवत बसायचा, आणि कालवण होईस्तोवर दिवेलागण व्हायची. सासूबाई शेजारणींना बोलवून दाखवायच्या, बघा कसा चिरतो. मासा धरला कुणी, ते एकीनंही विचारलं नाही.

तर त्या साली माझं पोट दुखायला लागलं. उजव्या अंगाला खाली, अंगात बारीक ताप, जेवण जाईना, कमरेचा करगोटा सैल झाला. एका डॉक्टरनं गॅस सांगितला. दुसरा म्हणाला अपेंडिक्स असेल. तिसऱ्यानं पोट दाबून बघितलं, आत काहीतरी घट्ट लागतंय म्हणाला, आणि मला बाहेर बसवून पोराशी हळू आवाजात बोलला. गाठ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण घरातले सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले, त्यावरून मी काय ते ओळखलं. मुंबईला न्यायचं ठरत होतं. बायकोनं मला न विचारता साडूला फोन केला. मी सांगितलं, मरेन पण त्याच्यापुढं पोट उघडं करणार नाही.

तो आला, वळसा घालूनच. आला आणि पोटाकडं ढुंकून बघितलं नाही. खाटेवर बसून विचारत सुटला. झोप कशी, रात्री कितीदा उठता, दुखणं आधी का ताप आधी, बोटीवर जायचं कधी सोडलं, सोडल्यावर दिवस कसा जातो. हे शेवटचं मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी जरा बोललो. मग त्यानं हळूच विचारलं, मागच्या दोनतीन महिन्यांत घशात कधी काटा अडकल्यागत झालं होतं का. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "डाक्टर, कोळ्याच्या घशात काटा अडकत नाही. शनिवारी किहीमला पाहुणे येतात ना, त्यांच्या घशात अडकतो. मग ते केळं मागत धावतात." तो बरं म्हणाला आणि जेवायला वाढायला सांगितलं.

त्या दिवशी पाल्याचं कालवण होतं. पाला म्हणजे नुसते काटे, मध्ये चवीपुरतं मांस. आम्ही समोरासमोर बसलो. मी आजारी असलो तरी त्याच्यापुढं हात आखडता घेणार नव्हतो. जेवण झालं तरी तो उठेना. माझ्या ताटाकडं बघत बसला, मग आपल्या ताटाकडं. त्याच्या ताटात काठाला काट्यांचा ढीग होता. माझं ताट जवळजवळ स्वच्छ.

"तांडेल," तो म्हणाला, "तुमचे काटे गेले कुठं?"

बायको म्हणाली, "ते चावून खातात, भावजी. पयल्यापासून. बारीक काटा त्यांनी कधी टाकला न्हाय."

"पयल्यापासून दात होते, बाय. आता कवळी हाय."

कवळी मला पोरानं त्या सालच्या पावसाळ्याआधी करून दिली होती. वरची पट्टी सगळी टाळू झाकते. साडू म्हणाला, जिथं काटा टोचून कळायचा तिथंच झाकण बसलंय. चावल्याची नुसती सवय राहिली, चावलं जात नाही, काटे आख्खे पोटात जातात. त्यातला एखादा आतडं टोचून बाहेर आला असेल आणि त्याच्याभोवती पू झाला असेल. गाठ नसेलही. मी म्हटलं, असं होत नाही. तो म्हणाला, खात्री मलाही न्हाय, सीटी स्कॅन करू. पण पू आत फुटला तर मग तुमचा माझा वाद मिटला. हे मात्र तो हसून म्हणाला नाही. बायको पदर तोंडात धरून उभी होती. माझा हट्ट तिथंच सुटला असं नाही. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो, आणि मग पोराला म्हटलं, गाडी काढ.

अलिबागला स्कॅन झाला. फोटोत आतड्याजवळ एक बारीक पांढरी रेघ होती. साडू ती रेघ येणाऱ्याजाणाऱ्याला नातवाचा फोटो दाखवावा तशी दाखवत फिरत होता. ऑपरेशन त्याच्या हाताखाली शिकलेली एक बाई करणार होती. मी नर्सला सांगितलं, माझं पोट चिरायचं तर माझ्या साडूनंच, परक्याच्या हातून मी मरणार नाही. त्याला निरोप गेला. तो आला, दार लोटलं, खाटेवर बसला आणि उजवा हात माझ्यापुढं धरला. वाऱ्यात पिंपळाचं पान हलावं तसा तो हात हलत होता.

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "सुरी धरली न्हाय. घरात डोळ्यांचं कारण सांगितलंय."

या हाताचा मी जन्मभर हेवा केला. सासूबाई त्याचं कौतुक करायच्या तेव्हा मनात म्हणायचो, एकदा तरी चुकू दे याचा हात, मासा चिरताना का होईना. आता तो समोर हलत होता आणि मला कुठं बघावं कळेना. मी म्हटलं, "उभे तरी राहाल ना?" तो म्हणाला, "डोक्याशी उभा ऱ्हातो." आणि राहिला. शुद्ध हरपेपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. त्या बाईला तो विचारत होता की पेशंटला झोप कशी लागते, ते तुम्ही विचारलंत का.

काटा निघाला, पू निघाला, आणि गाठ नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स मला चालवायला आली. मी तिचा हात झिडकारला. पोराचाही. साडू कोपऱ्यातून पुढं आला, तेव्हा त्याचा धरला आणि उठलो. नर्स आमच्या हातांकडं बघून म्हणाली, "आजोबा, घाबरताय कशाला? किती थरथरताय." त्यानं हात सोडवून घ्यायला बघितलं. मी सोडला नाही. म्हटलं, "व्हय बाय, म्हातारा झालो," आणि त्याला धरून खिडकीपर्यंत चालत गेलो.