काचेवरचं कुंकू

"मावशी, ताट तिथंच ठेवा. एक पाऊल पुढं यायचं नाही."

"का रे? मी काय शिंगं मारते?"

"तुम्ही नाही. तुमच्या ताटातलं कुंकू मारतं."

"आज खंडेनवमी हाय, महेश. लोकं विळ्याकोयत्याला कुंकू लावत्यात. आन् ज्याच्या जिवावर अख्खं वर्कशॉप जेवतं, त्यानं कोरडं ऱ्हायचं?"

"त्यानं कोरडंच राहायचं असतं."

"आयटीआय शिकला म्हंजी देवावर उठला व्हय?"

"फूल वाहा ना. लांबून. दाराच्या चौकटीला वाहा."

"चौकटीनं वाचवली का माणसांची बोटं?"

महेश लेसर मशीनच्या दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला, वासराला गोठ्याबाहेर अडवावं तसा. लंकाबाईनं ताट पट्ट्या कापायच्या जुन्या प्रेसवर आपटलं. हळदीची वाटी कलंडली.

सिन्नरच्या एमआयडीसीत दीपकशेठचं हे वर्कशॉप. विजेच्या स्विचांत बसतात त्या पितळी पट्ट्या इथं कापल्या जायच्या. लंकाबाई ब्याण्णव साली इथं आली. घरच्या रानात चार जावांना पुरेल एवढं काम नव्हतं आणि हिला रिकामं बसवत नव्हतं. शेअर जीपच्या मागच्या फळीवर बसून ती आली आणि पॉवर प्रेसपुढच्या स्टुलावर बसली ती बसलीच. उजव्या हातानं पट्टी आत सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, धाड. दिवसाला हजारो वेळा धाड.

शहाण्णव साली एकदा पाय हाताच्या आधी पोचला. मधल्या दोन बोटांची वरची पेरं गेली.

महिनाभरानं ती परत आली ती घरची सांडशी घेऊन. लेथवाल्याला म्हणाली, "हिचं तोंड लांब कर, बगळ्यासारखं." त्या दिवसापासून वर्कशॉपात नवा माणूस आला की त्याला शेठच्या आधी लंकाबाई गाठायची. "आत हात घालायचा नाय. ही घालायची. ही तुटली तर दुसरी मिळंल. तू तुटलास तर काय करू?" संध्याकाळी फाटकाशी उभी राहून विचारायची, "बोटं किती?" दहा म्हटल्याशिवाय वाट सोडायची नाही. पोरं हसायची, पण मोजायची.

महेश दोन हजार एक साली प्रेसवर लागला. तिसऱ्या आठवड्यात घाईघाईत त्यानं सांडशी बाजूला ठेवून हात घातला. लंकाबाईनं मेन स्विचच पाडला. अख्खं वर्कशॉप बंद. शेठ ओरडत आले, तर म्हणाली, "माझा रोज कापा. ह्यो सांडशी धरीस्तवर बटण वर व्हणार नाय." महेशची दहा बोटं तेव्हापासून त्याच्यापाशी होती, आणि ती कुणामुळं होती हे तो विसरला नव्हता.

मग दोन हजार आठ साली ते मशीन आलं आणि शेठनी ते महेशच्या हाती दिलं. फायबर लेसर.

"ह्यात पातं कुठंय?" लंकाबाईनं विचारलं.

"पातं नाहीच. उजेड कापतो. ही पिवळी केबल बघा, हिच्यात केसाएवढी काचेची तार आहे. उजेड त्या तारेतून येतो. आधीच्या लेसरला आरसे लागायचे, सारखे जुळवत बसा. शिवाय पितळापुढं तो हात टेकायचा. हा लोण्यासारखं कापतो."

"आन् हात कुठं घालायचा?"

"घालायचाच नाही. पत्रा ठेवला, दार लावलं, की आपण बाहेर."

लंकाबाईनं ते दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. काही बोलली नाही. पण त्या खंडेनवमीला तिनं हौसेनं ताट सजवलं. इतकी वर्षं ती प्रेसलाही कुंकू लावत आली होती, पण ते भीतीपोटी. बाई, आणखी मागू नको, म्हणून. या मशीनला लावलं ते उपकारापोटी.

लावलं कुठं, तर काचेवर. उजेड जिथून बाहेर पडतो तिथं एक छोटी काच असते, वरच्या भिंगाला ठिणग्यांपासून जपणारी. महेशनं ती पुसायला काढून ठेवली होती. लंकाबाईला ते मशीनचं कपाळच वाटलं. ओलं कुंकू लावलं, ओघळलेलं पदरानं टिपलं. महेशनं घाईत, न बघताच काच आत सरकवली. दसऱ्यानंतर पहिलाच पत्रा लावला आणि काच जळाली, तिच्यामागं भिंगही गेलं. पंधरा दिवस मशीन बंद. लंकाबाईनं विचारलं तेव्हा महेश म्हणाला होता, "कंपनीचीच काच खराब निघाली, मावशी."

तिनं ते खरं मानलं. म्हणून तर यंदा पुन्हा ताट घेऊन आली होती.

कलंडलेली वाटी सावरत ती ऑफिसात गेली. पावत्या लिहिणाऱ्या छायापुढं धपकन बसली.

"बघ गं छाया, पुजारी मला मशीनला शिवू देईना."

महेशला सगळे पुजारी म्हणत. हात धुतल्याशिवाय, बूट काढल्याशिवाय तो मशीनजवळ जात नसे, म्हणून म्हणतात, असं लंकाबाई धरून चालली होती. तीही म्हणायची.

छाया हसली नाही. "मावशी, आज तरी नका ना त्याला पुजारी म्हणू. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीनवर दुसरा माणूस येतोय. देवळालीचा."

"आन् महेश?"

"परत प्रेसवर. गेल्या वर्षीचं शेठच्या मनातून गेलं नाही अजून. शिकलेला माणूस काचेला कुंकू फासतो, याच्या हाती मोठं काम कसं द्यायचं, म्हणतात."

"कोण फासतो?"

"महेशच ना. कंपनीचा इंजिनिअर आला तेव्हा जळालेल्या काचेच्या कडेला कुंकू सापडलं. शेठनी विचारलं, कुणी लावलं? हा म्हणाला, मी. म्हणून तर पुजारी."

लंकाबाईला आत्ता उमगलं. वर्षभर आपण त्याला पुजारी म्हणून हाका मारल्या आणि दर हाकेला त्यानं "काय मावशी" म्हणून ओ दिली. तिला एकदम आपल्या पदराकडं बघवेना. मग ती उठली आणि दार न वाजवता केबिनमध्ये शिरली.

"शेठ, कुंकू म्या लावलं हुतं."

दीपकशेठनी मान वर केली. "कसलं कुंकू, मावशी?"

"गेल्या सालचं. काचंला. म्या लावलं, आन् पदरानं पुसलं बी. काढायचं तर मला काढा. त्या लेकराला प्रेसवर बसवू नका. त्याची दहाच्या दहा ऱ्हाऊ द्या."

"मग तो स्वतःचं नाव का सांगेल?"

"त्याला इचारा."

शेठनी महेशला हाक मारली. तो आला, सवयीनं बूट काढले आणि लंकाबाईला तिथं बघून उंबऱ्यातच थबकला.

"मावशी म्हणते तिनं लावलं. तू म्हणाला होतास तू लावलं. आता पुन्हा 'मी' म्हणालास, तर तुझंच खरं धरतो आणि उद्याचा माणूस येऊ दे. नाहीतर आत्ता फोन करून त्याला नको म्हणून सांगतो. बोल."



"बोल की रं," लंकाबाई म्हणाली. "माझ्यापायी वरीसभर खोटं बोललास. माझ्या तोंडावर नको बोलू."

त्यानं तिच्याकडं बघितलं. 'मी'चं म त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. पण ओठ मिटले. शेठचा हात फोनवर होता.

"महेश, मी विचारतोय. कुणी लावलं?"

महेश वळला, उंबऱ्यावर काढलेले बूट उचलले आणि 'मी' न म्हणताच बाहेर मशीनकडं निघून गेला. शेठनी देवळालीचा नंबर फिरवला.