समुद्र ठोकून पाहणारा शेजारी

बोलता बोलता आमच्या शेजाऱ्यांचं बोट टेबलावर आपटायचं. टक्. जरा वेळानं पुन्हा टक्. म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या आमच्या गल्लीत त्यांच्याकडे पहिल्यांदा कॉफीला आलेला माणूस बिचकायचा. त्यांची बायको, आमच्या वहिनी, हसून म्हणायच्या, "काही नाही हो, सुम्ने, उगीच. माणूस घरी आलाय, जहाज अजून उतरलं नाही."

हे आमचे शेजारी समुद्राच्या तळाखालचं तेल शोधणाऱ्या कंपनीच्या सर्व्हे जहाजावर होते. जहाजामागे मैल मैल लांब केबल्स ओढायच्या, ठरावीक वेळानं पाण्यात हवेचा बार काढायचा आणि तळाखालून परत येणारा आवाज टिपायचा. "डॉक्टर पोटावर बोटं ठोकून बघतो नव्हे? तसंच, अष्टे, एवढंच," ते सांगायचे. म्हैसूरकरांना समुद्र एवढा पुरे.

काही आठवडे जहाज, काही आठवडे घर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागणारी. "थोडं पाणी मिळेल का?" असं ते बायकोला विचारायचे! मुलीची शाळा, गॅस, घरपट्टी, सगळं वहिनींनी एकटीनं ओढलं. "एकदा कायमचा आलो की भाजी मीच आणणार," हे त्यांचं मोठं स्वप्न. मला ते फार केविलवाणं वाटे.

निघायच्या दिवशी वहिनी बॅगेत चटणीपुडी भरत आणि फाटकाशी गप्प उभ्या राहत. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, 'राहा' तर म्हणूच नये, हे त्यांनी पाळलं ते पाळलंच.

मग तेलाचे भाव कोसळले. कंपनीची जहाजं एकेक करून बंदरात बांधली गेली, काही भंगारात निघाली. कॅलेंडरवरच्या ताफ्याच्या फोटोवर बोट ठेवून ते म्हणायचे, "ही गेली. ही पण गेली की." शेवटी ते स्वतःही घरी आले.

ते वर्ष त्या घराचं सोन्याचं गेलं. पिशवी घेऊन ते बाजारात जात आणि नंजनगूडची केळी म्हणून भलतीच केळी घेऊन येत. "अय्यो, परत फसवलं की तुम्हाला!" वहिनी ओरडायच्या. इतक्या आनंदानं ओरडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एके सकाळी कॉफी पिताना ते म्हणाले, "दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलंय." आणि कप हातात धरून बसून राहिले. वहिनी उठल्या. माळ्यावरची बॅग काढून पुसू लागल्या. ते बराच वेळ त्या बॅगेकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं तर. येतो जाऊन."

त्या फेरीतून ते परतले नाहीत. जहाजावरच, झोपेत गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी भेटायला गेलो. वहिनींनी कॉफी आणून ठेवली. मग म्हणाल्या, "भावजी, त्या सकाळी ते मला विचारत होते हो. मला वाटलं, सांगताहेत. राहा म्हटलं असतं, तर राहिले असते की."