मान्यांच्या आईचं कणीस

बँकेच्या कॉलनीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांसारखे ते उडून आपल्या अंगणात येतात. लखनौला गोमती नगरात होतो तेव्हाचे माझ्याकडे ढीगभर आहेत, पण निम्मे एकट्या मानेभाऊजींचे.

भाऊजी आमच्या ह्यांच्याच ब्रँचला. त्यांची आई साताऱ्याहून राहायला आली, तोंडात एकही दात नाही. आलमबागला कोळशावरचा भुट्टा बघून म्हणाली, "वास तेवढा घेते, बाबा. पुढच्या जन्मी खाईन." भाऊजींना ते फार लागलं. "ह्याच जन्मी खाशील," म्हणाले, आणि पुण्याच्या मेव्हण्याकडून स्वीट कॉर्नचं बी मागवलं. दाणा मऊ, हिरड्यांनीही चावतो म्हणे.

*

पाकीट आलं. त्यांच्या बायकोने, सुमनने, उघडलं तर दाणे सगळे सुरकुतलेले. "फसवलं की हो माझ्या भावाला," म्हणत तिने ते कबुतरांना घातले.

ह्या मक्याचं बी तसंच असतं, हे तिला संध्याकाळी कळलं.

*

दुसरं पाकीट कंपाउंडच्या कडेने एका ओळीत पेरलं. कणसं सोलली तर दाणे इकडे दोन, तिकडे चार. मक्याच्या तुऱ्यातले पराग वाऱ्याने शेजारच्या ताटाच्या कणसावर पडावे लागतात, एका ओळीत ते उडून जातात. आई म्हणाली, "हे तर माझ्यासारखंच बोळकं."

पुढच्या वर्षी चौकोनात पेरायला सुमनची गुलाबं उपटली. ती चार दिवस बोलली नाही. भाऊजी म्हणाले, "चालेल."

*

त्या वर्षी मागच्या प्लॉटवर दूधवाल्या भैयाने म्हशींसाठी साधा मका लावला होता. दोन्हींना तुरे एकदमच आले, आणि त्याचे पराग ह्यांच्या कणसांवर. दाणे भरले, पण पिठूळ आणि कडक. म्हशींनी आवडीने खाल्ले.

तिसऱ्या वर्षी भाऊजी पेरणीआधीच हात जोडून गेले. "भैया, इस साल ज्वार लगा लीजिए."

भैया म्हणाला, "माने साहब, आप दूध छोड़ देंगे, भुट्टा नहीं छोड़ेंगे." पण ज्वारी लावली बिचाऱ्याने.

*

आणि पाच कणसं अशी भरली की बघत राहावं! तोडल्यापासून गोडी उतरते, म्हणून भाऊजींनी आधी पाणी उकळत ठेवलं, मग तोडायला गेले. ताटांपुढे आई, हातात काठी.

"पहिलं पीक बियाण्याचं. हात लावायचा नाही."

"आई, तीन वर्षं तुझ्यासाठी खपलोय."

"मग आणखी एक वर्ष खप."

सुमनने गॅस बंद केला.

*

कणसं वाळायच्या आतच नागपूरची बदली आली. सामानाचा ट्रक भरला, आई हलेना. महिनाभर आमच्याकडे राहिली, रोज त्या मक्यापाशी खुर्ची टाकून पोपट हाकत बसली, आणि वाळलेलं बी कनवटीला लावूनच गाडीत चढली.

पुढच्या पावसाळ्यात सुमनचं कार्ड आलं: "आईंनी काल दोन कणसं खाल्ली. तिसरं ह्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, आता हे आलमबागसारखं कोळशावर भाजून आण."